नाताळबाबाची बादली

मराठीच्या प्राध्यापकाला शब्दांच्या कुळकथा सांगण्याची खोड असते, आणि त्या मुकाट्याने ऐकून घेण्याची सोशिकता फक्त परीक्षेला बसणाऱ्या विद्यार्थ्यांतच आढळते. तरी दिवाळीच्या निमित्ताने वाचकांनी एवढी एक ऐकून घ्यावी. ‘नाताळ’ हा शब्द आपल्याकडे पोर्तुगीजांबरोबर आला, आणि ‘बादली’ हाही त्यांचाच. पाव, बटाटा, चावी, पगार ही सारी मंडळी ज्या गलबतांतून उतरली त्यांतूनच हे दोघेही उतरले. पुढे मात्र त्यांचे रस्ते वेगळे झाले. नाताळ गोव्यात आणि वसईत वर्षातून एकदा थाटामाटाने येऊ लागला; बादली बिचारी बारा महिने विहिरीवर खेपा घालीत राहिली. या दोन शब्दांची पुन्हा गाठ पडलेली मी पाहिली ती थेट यॉर्कशायरमध्ये.

माझी धाकटी बहीण गेली वीसेक वर्षे वेस्ट यॉर्कशायरमधल्या एका लहानशा गावी राहते. आमचे मेहुणे मूळचे सातारकडचे. गावच्या मुख्य रस्त्यावर त्यांचे औषधांचे दुकान आहे, आणि गावातल्या एका सेवाभावी क्लबाचे ते सभासद आहेत. रोटरी, लायन्स, राउंड टेबल अशी जी मंडळे असतात त्यांपैकीच एक. नेमके कोणते हे सांगायचे कारण नाही, कारण ज्या रिवाजाबद्दल मी लिहिणार आहे तो तिकडे या साऱ्यांत आढळतो.

अशा क्लबांकडे मी जरा तिरक्या नजरेने पाहतो, आणि ती नजर अजून सरळ झालेली नाही. आपल्याकडे सरकारी दवाखान्यातल्या रुग्णाला दोन केळी द्यायला अकरा जण जातात आणि बारावा छायाचित्र काढतो. छायाचित्रात केळी स्पष्ट दिसतात, देणारे त्याहून स्पष्ट दिसतात, आणि घेणारा मात्र कुठे पाहावे ते न कळून छताकडे पाहत असतो. शिवाय या मंडळांचा जन्मही काही दानधर्मासाठी झालेला नाही. २३ फेब्रुवारी १९०५ रोजी शिकागोत पॉल हॅरिस नावाच्या वकिलाने एक कोळशाचा व्यापारी, एक खाणींचा इंजिनिअर आणि एक शिंपी अशा तिघांना गोळा करून रोटरी सुरू केली, ती त्या अफाट शहरात चार ओळखी व्हाव्यात आणि एकमेकांच्या धंद्याला हात मिळावा म्हणून. आळीपाळीने एकेकाच्या कचेरीत जमायचे, म्हणून ते नाव. सेवा मागाहून आली. त्यांनी अगदी आरंभी हाती घेतलेल्या कामांपैकी एक म्हणजे शिकागोत सार्वजनिक स्वच्छतागृह बांधवून घेणे. त्याचे छायाचित्र काढून घेण्याचा मोह कोणाला झाला नसावा, आणि म्हणूनच ते काम मला फार आवडते.

डिसेंबर २०१९ मध्ये मी रजा काढून बहिणीकडे गेलो होतो. त्या भागात तेव्हा दुपारी चारच्या आतच सूर्य मावळतो. एके संध्याकाळी, म्हणजे घड्याळात जेमतेम साडेपाचला, बाहेरच्या काळ्याकुट्ट गारठ्यातून गाण्याचे सूर ऐकू आले. बहिणीची मुले जेवणाच्या टेबलावरून उठून दाराकडे धावली. पाहतो तो एक मोटार अगदी पायी चालण्याच्या वेगाने येते आहे. तिच्यामागे ट्रेलर, ट्रेलरवर प्लायवूडची लाल-सोनेरी स्लेज, पुढे प्लायवूडचीच दोन हरणे, सगळीकडे रंगीत दिव्यांच्या माळा. त्या दिव्यांसाठी घरघरणारे जनरेटर एका बाजूला पोत्याखाली दडवलेले. वर लाल डगला आणि पांढरी दाढी लावून नाताळबाबा बसलेला. आणि दोन्ही बाजूंनी पिवळी चमकणारी जाकिटे घातलेले पाच-सहा वृद्ध गृहस्थ हातांत बादल्या घेऊन दारोदार पळत आहेत!

या बादल्यांना झाकण असते, झाकणाला नाणे जाईल एवढी फट असते, आणि झाकण पक्के बंद केलेले असते. घरोघर फिरून धर्मादाय पैसे गोळा करायचे तर १९३९ च्या एका कायद्यानुसार तिथे परवाना लागतो, गोळा करणाऱ्याच्या छातीवर बिल्ला लागतो. आपल्याकडेही वर्गणीला धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागतेच, पण गल्लीतल्या गणेशमंडळाच्या कार्यकर्त्याला ‘परवानगी दाखव’ म्हणण्याची छाती असलेला गृहस्थ मी अजून पाहिलेला नाही. पुढच्या फेरीला मेहुण्यांनी मला बरोबर नेले. बिल्ला नसल्यामुळे बादलीला हात लावायची मला मनाई होती. माझ्याकडे टॉफ्यांची पिशवी दिली होती.

त्या फेरीत मला सारखी आठवण येत होती ती वासुदेवाची. मोरपिसांची टोपी घालून पहाटे येणारा आणि दान घेऊन ‘दान पावलं’ म्हणणारा तो वासुदेव! दोघांचीही रीत एकच. आधी दुरून सूर ऐकू यायचे, मग पोरे दारात जमायची, मग दान. आणि मुख्य म्हणजे दोघांनाही घर वगळायची परवानगी नाही. वाड्यापुढे जो थांबतो तो खोपटापुढेही थांबतो. मेहुण्यांच्या क्लबाचा नियमच होता की रस्ता धरला की त्यातले एकही दार सोडायचे नाही. दिले तर घ्यायचे, न दिले तरी टॉफी द्यायची आणि पुढे जायचे.

गावाच्या टोकाला जुन्या गिरणीकामगारांची दगडी घरे आहेत, चाळीसारखी एकाला एक चिकटलेली. तिथल्या शेवटच्या घरातून एक आजीबाई बाहेर आल्या. त्यांच्या हातात मुरंब्याची भलीमोठी काचेची बरणी होती, गळ्यापर्यंत तांबड्या नाण्यांनी भरलेली. एक आणि दोन पेन्सची नाणी, ज्यांत तिकडे आता काहीही येत नाही. वर्षभर त्या ती साठवीत. बादलीवाल्याने बरणी घ्यायला हात पुढे केला, तो त्यांनी बाजूला सारला आणि स्वतः मूठ-मूठ करून नाणी फटीतून सोडू लागल्या. पाच मिनिटे तरी तो खळखळाट चालला होता. मागे गाडी थांबलेली, गाणे चाललेले, आणि कोणालाही घाई नव्हती. मग नाताळबाबा खाली उतरला, त्याने त्यांचा हात हातात घेतला, आणि मी त्यांना एक टॉफी दिली. बाई माझ्याकडे पाहून म्हणाल्या, “जानेवारीत मी त्या लोकांकडून तीन पिशव्या घेतल्या होत्या. त्या फेडते आहे.”

पिशव्या म्हणजे काय ते मेहुण्यांनी वाटेत सांगितले. गावात एक फूड बँक आहे. अडलेल्याला डॉक्टरची किंवा समाजसेवकाची चिठ्ठी दाखवली की तिथून तीन दिवसांचे जिन्नस मिळतात. क्लबाच्या बादलीतला एक वाटा त्या फूड बँकेला जातो. दुसरा मोठा वाटा जवळच्या हॉस्पिसला, म्हणजे अखेरच्या आजारातल्या माणसांची शुश्रूषा करणाऱ्या संस्थेला. इंग्लंडात अशा संस्थांना सरकार खर्चाचा थोडाच भाग देते. बाकीचा देणग्यांवर आणि जुन्या कपड्यांच्या दुकानांवर भागवावा लागतो.

त्या रात्री बहिणीच्या जेवणाच्या टेबलावर नाण्यांची मोजणी झाली. मला कारकुनी कामाची आवड असल्यामुळे त्यात भलताच रस वाटला. पौंडाची वीस नाणी एका पिशवीत, वीस पेन्सची पन्नास. तांबड्या नाण्यांची पिशवी एका पौंडाची, आणि मौज अशी की दोन पेन्सचे नाणे एक पेनीच्या बरोबर दुप्पट वजनाचे असते, त्यामुळे पिशवीत कोणतीही नाणी असोत, एका पौंडाची पिशवी ३५६ ग्रॅमच भरते. बँकेत ती मोजीत नाहीत, तोलतात.

पुढच्या मार्चमध्ये काय झाले ते सांगायला नको. २३ मार्च २०२० ला तिकडे टाळेबंदी जाहीर झाली आणि पुढच्या दोन दिवसांत आपल्याकडेही. त्या वर्षीची दिवाळी १४ नोव्हेंबरला आली, तेव्हा इंग्लंडात दुसरी टाळेबंदी चालू होती. बहिणीने चकल्या केल्या आणि त्या खायला घरातलीच चार माणसे होती. फूड बँकांपुढची रांग मात्र वाढतच होती. ट्रसल ट्रस्ट या तिथल्या सर्वांत मोठ्या संस्थेने आधीच्या वर्षी १९ लाख पिशव्या वाटल्या होत्या. मार्च २०२१ ला संपलेल्या वर्षात तो आकडा २५ लाखांवर गेला. हॉस्पिसची जुन्या कपड्यांची दुकाने बंद होती. आणि क्लबाच्या बहुतेक सभासदांनी सत्तरी ओलांडलेली, म्हणजे ज्यांनी घराबाहेर पडू नये असे सरकार सांगत होते, नेमके तेच हे बादलीवाले! नेहमीचा नाताळबाबा हा निवृत्त बसचालक. त्याच्या फुप्फुसांना आधीच विकार, त्याला तर वसंतातच घरी राहण्याचे पत्र आलेले.

स्लेज काढायची की नाही यावर बहिणीच्या घरात जे भांडण झाले त्याचा वृत्तांत मला दोन्ही पक्षांकडून स्वतंत्रपणे मिळाला. बहिणीचे म्हणणे होते, “अरे दादा, हे दिवसभर दुकानात आजारी माणसांत उभे असतात. संध्याकाळी हेच दाढी लावून घरोघर जाणार आणि पोरांचे हात हातात घेणार. दान करायला निघालेत की साथ वाटायला?” मेहुण्यांचे म्हणणे, “ज्या वर्षी सगळी दारं बंद, त्याच वर्षी आपणही जायचं नाही?” मला विचाराल तर बहिणीचे बरोबर होते, आणि मेहुण्यांचेही चूक नव्हते. घरातली भांडणे सुटत नाहीत ती याच कारणाने.

आमचे अर्थशास्त्राचे एक सहकारी अशा प्रसंगी हटकून विचारतात की, पोराबाळांच्या पोटाचा प्रश्न बादल्यांवर सोडायचाच का? प्रश्न रास्त आहे. त्याच वर्षी मार्कस रॅशफर्ड या तरुण फुटबॉलपटूने गरीब मुलांना सुटीतही शाळेचे जेवण मिळावे म्हणून आवाज उठवला. २१ ऑक्टोबर २०२० ला ब्रिटिश पार्लमेंटने ती मागणी ३२२ विरुद्ध २६१ मतांनी फेटाळली, आणि पुढे ८ नोव्हेंबरला सरकारनेच हिवाळ्यासाठी १७ कोटी पौंड जाहीर केले. गावोगावच्या क्लबांनी सगळ्या बादल्या पालथ्या केल्या तरी १७ कोटी पौंड निघायचे नाहीत. तेव्हा पोट भरणे हे सरकारचे काम, यात वाद नाही. पण त्या आजीबाईंनी बरणी रिकामी केली तेव्हा जे झाले, ते कोणत्या खात्याचे काम आहे?

अखेर तडजोड झाली. स्लेज निघेल, पण थांबणार नाही. नाताळबाबा उतरणार नाही, टॉफी नाही, बादली नाही. कोणत्या रस्त्यावर केव्हा येणार हे आधी कळवायचे नाही, म्हणजे गर्दी व्हायची नाही. लोकांनी आपापल्या उंबऱ्यावरून हात हलवावा. आणि पैशांसाठी स्लेजच्या पाठीवर तो काळ्या चौकटींचा ठिपक्याठिपक्यांचा चौकोन, क्यूआर कोड म्हणतात तो, चिकटवायचा. मोबाइल समोर धरला की देणगीचे पान उघडेल. काळही अनुकूल होता. रोख पैशाला हात लावायला लोक कचरत होते, आणि १ एप्रिलपासून नुसते कार्ड टेकवून भरता येणाऱ्या रकमेची मर्यादा ३० पौंडांवरून ४५ वर गेली होती.

सभासदांत त्यातल्या त्यात तरुण आमचे मेहुणे, वय त्रेपन्न. त्यामुळे लाल डगला त्यांच्या गळ्यात पडला. साताऱ्याचा माणूस, दाढीच्या आत मास्क, मास्कच्या आत चष्म्यावर चढणारी वाफ, अशा अवस्थेत दोन आठवडे यॉर्कशायरच्या थंडीत ट्रेलरवर बसून हात हलवीत होता. नाताळबाबाने भरदार आवाजात ‘हो हो हो’ करायचे असते. मेहुण्यांच्या गावाकडे तो आवाज बैल थांबवण्यासाठी काढतात. बहीण म्हणाली, “आणि गाडी तर थांबवायची नव्हती!”

८ डिसेंबरला कोव्हेंट्रीत मार्गारेट कीनन या नव्वद वर्षांच्या बाईंना चाचणीबाहेर जगात सर्वांत आधी त्या नव्या लसीची सुई टोचली गेली. सगळीकडे आनंद होता. त्याच आठवड्यात स्लेज गिरणीकामगारांच्या घरांवरून गेली. शेवटच्या घराच्या दारात आजीबाई उभ्या होत्या, हातात बरणी. त्यांच्याकडे असा मोबाइल नव्हता, आणि बरणीतली नाणी त्या चौकोनातून कशी जाणार? गाणे वाजत होते, मेहुणे हात हलवीत होते. बाईंनी हात हलवला नाही, कारण बरणी दोन्ही हातांनी धरावी लागते. गाडी पुढे गेली.

हे सारे मला कळले २२ डिसेंबरच्या रात्री. इकडे महापालिकांच्या हद्दीत रात्रीच्या संचारबंदीचा तो पहिलाच दिवस. अकरा वाजले होते आणि रस्ता एकदम गप्प झाला होता. चर्चमध्ये पन्नासांहून अधिक माणसे नकोत असा नियम होता. विलायतेची विमाने त्याच मध्यरात्रीपासून बंद होणार होती. तिकडे संध्याकाळचे साडेपाच. एरवी मेहुणे फोनवर दोन वाक्ये बोलून फोन बहिणीकडे देतात. त्या दिवशी अर्धा तास बोलले.

त्या फेरीनंतर क्लबाची झूमवर सभा झाली. खजिनदाराने आनंदाने सांगितले की देणगीच्या पानावर जमलेली रक्कम गेल्या वर्षीच्या बादल्यांपेक्षा थोडी जास्तच आहे. सगळ्यांनी आपापल्या चौकटीत टाळ्या वाजवल्या. मेहुण्यांनी विचारले, “किती जणांनी दिली?” तो आकडा निघाला, आणि गेल्या वर्षी ठोठावलेल्या दारांच्या मानाने तो फारच लहान होता. खजिनदार म्हणाला, हॉस्पिसला पौंड मोजायचे असतात, दारे नव्हे. यावर सभा बरीच लांबली. पानावर देणाऱ्याचे नाव आणि रक्कम दोन्ही दिसत. तिथे वीस पौंडांखाली द्यायला माणूस लाजतो. बादलीत काय पडले ते बादलीलाही कळत नाही.

मेहुण्यांनी सभेत कोणता मुद्दा मांडला असेल तो असो; मी त्यांना अंताजी दामोदर काळ्यांचा पैसा फंड सांगितला. प्रत्येक माणसाने एक पैसा द्यायचा आणि त्यातून देशी उद्योग उभा करायचा, अशी ती योजना. टिळकांनी ती उचलून धरली आणि त्यातून १९०८ साली तळेगावला काचेचा कारखाना उभा राहिला. पणजीची मुष्टिफंड संस्था तर नावातच मूठ घेऊन बसली आहे. पाच-दहा सावकारांकडून तेवढी रक्कम एका दिवसात मिळाली नसती असे नाही. पण मग तो कारखाना त्या सावकारांचा झाला असता. ज्याने पैसा दिला आहे तो तळेगावच्या काचेकडे आपली म्हणून पाहू शकतो. घेणाऱ्याच्या रांगेत तर गरिबाला नेहमीच जागा असते. साथीच्या त्या वर्षी त्याची जी जागा गेली ती देणाऱ्यांच्या रांगेतली, आणि ती गेल्याचे कोणत्याच अहवालात यायचे नाही, कारण रक्कम वाढली होती.

दुसऱ्या दिवशी मेहुण्यांनी एक साधी गोष्ट केली. औषधांची दुकाने टाळेबंदीतही उघडीच होती, आणि दोन-दोन मीटरवर उभे राहून गिऱ्हाईक फुटपाथवर रांग लावीत होते. त्यांनी दुकानाच्या दारातच तिवईवर ती झाकणाची बादली ठेवली. शेजारी दिव्यांची एक माळ. कोणाला हात लावायला नको, कोणाशी बोलायला नको. भरलेली बादली मागच्या खोलीत तीन दिवस तशीच ठेवायची आणि मगच उघडायची. म्हणजे नाण्यांनाही विलगीकरण! ज्यांना घरपोच औषधे जात त्यांच्या पिशवीत एक चिठ्ठी घातली: कोणाला सुटे पैसे द्यायचे असतील तर औषधवाल्या पोराच्या येण्याच्या वेळी पायरीवर ठेवावेत.

तीन-चार दिवसांनी तो पोरगा बरणी घेऊन आला. रक्तदाबाच्या गोळ्या देऊन तो वळला, तर ती पायरीवर होती. तिच्यावर रबराने कागद अडकवलेला, आणि त्यावर एवढेच: ‘नाताळबाबासाठी. गाडी थांबली नाही.’

बहिणीने हे वाचून दाखवले तेव्हा मेहुणे पलीकडून म्हणाले, “बाई रागावल्यात, आणि बरोबर आहे त्यांचं.” बरणी तीन दिवस मागच्या खोलीत राहिली. मग त्यांनी ती दुकानातल्या काट्यावर रिकामी केली. एक किलो सहाशे एकेचाळीस ग्रॅम. चार पौंड एकसष्ट पेन्स. रिकामी बरणी धुऊन, तिच्यात टॉफी घालून, पुढच्या महिन्याच्या गोळ्यांबरोबर परत पाठवली.

डिसेंबर २०२१ मध्ये पुन्हा नवी लाट होती, पण लसी झालेल्या होत्या. स्लेज निघाली आणि दारोदार थांबली. निवृत्त बसचालक आपल्या जागी परतला. मेहुण्यांना पुन्हा बादली मिळाली. आजीबाईंनी त्यांना ओळखले नाही, कारण आदल्या वर्षी ते दाढीत होते. त्यांनी तक्रार केली ती बसचालकाकडेच, की गेल्या साली तू न थांबता गेलास. त्या भल्या माणसाने मुकाट्याने माफी मागितली.

काळ्या ठिपक्यांचा चौकोनही स्लेजच्या पाठीवर राहिला आहे, आणि त्यातून येणारे पैसे खजिनदार अजून कौतुकाने वाचून दाखवतो. औषधांच्या दुकानातली बादली डिसेंबर आला की तिवईवर चढते. बहिणीची तक्रार एवढीच आहे की मोजायला बसले की तिच्यातून नाण्यांबरोबर पार्किंगच्या चिठ्ठ्या, एखाद-दुसरे युरो आणि कोटाची बटणे निघतात, आणि बटणे तोलून चालत नाहीत, ती वेचावी लागतात.